लिपिड प्रोफाइल : तपासणीपूर्वीचा उपवास

रक्तातील स्निग्ध घटकांची चाचणी. बोलीत ‘कोलेस्टेरॉलची तपासणी’. एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल, एलडीएल व ट्रायग्लिसराइड हे तिचे मुख्य आकडे. तपासणीआधी ९ ते १२ तास उपाशी राहण्याची जुनी प्रथा आहे. नेहमीच्या पहिल्या तपासणीला ती आता बहुधा आवश्यक मानली जात नाही.

प्रथेचे मूळ : जेवणानंतर आतड्यांतून आलेले चरबीचे कण (कायलोमायक्रॉन) काही तास रक्तात फिरतात व ट्रायग्लिसराइड वाढते, एचडीएल जवळपास तेवढेच राहते. अनेक प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, फ्रीडवॉल्ड यांच्या सूत्राने (१९७२) काढतात : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. एकूण २००, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५० (मिग्रॅ./डेसिलि.) असल्यास एलडीएल १३०. जेवणाने ट्रायग्लिसराइड २०० झाले व बाकी आकडे तेच राहिले, तर उत्तर १२०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यास हे सूत्र वापरत नाहीत. मार्टिन-हॉपकिन्स (२०१३) व सॅम्पसन (२०२०) ही सुधारित सूत्रे आहेत.

बदललेले मत : डेन्मार्कने २००९ पासून बिनउपाशी तपासणी रूढ केली. २०१६ च्या युरोपीय सहमतिपत्रानुसार रोजच्या जेवणाने ट्रायग्लिसराइड सरासरी २६ ने वाढते, एलडीएल ८ ने घटते. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही बिनउपाशी तपासणीच्या बाजूने आहेत.

उपवास केव्हा : बिनउपाशी ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आल्यास, किंवा त्याच्या आनुवंशिक विकाराची शंका असल्यास. रक्तशर्करेची उपाशीपोटी तपासणी सोबत असल्यास उपवास तिच्यासाठी लागतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारावे. साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

केनवड परिसर : केनवड (ता. रिसोड, जि. वाशीम) व आसपासच्या गावांत ‘काही न खाता या’ ही सूचना अजून सर्रास मिळते, शर्करेची तपासणी सोबत असणे हे एक कारण. पाणी चालते. साखरेचा चहा, तसेच एकादशीची भगर किंवा साबुदाणा खिचडी घेतलेली असल्यास नमुना उपाशीपोटीचा धरत नाहीत. शेतमजुराला सकाळ रिकाम्या पोटी काढावी लागते आणि रोज बुडतो. बिनउपाशी तपासणीत ही अडचण टळते. शेवटचे खाणे किती वाजता झाले, ते नमुना देताना सांगावे.

उपचार : पहा – स्टॅटिन.