शेकडा एक की शेकडा पाऊण?

कुकडी नदीवर येडगावचे धरण झाले, ऊस, द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो यांची शेती वाढली, नारायणगावचा बाजार फुलला, आणि घरातील एखादा मुलगा भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात लागला. त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीला जो प्रश्न कधी पडला नाही, तो आज या भागातील पुष्कळ घरांना पडू लागला आहे. कर्ज कोणाकडून काढावे, हा आजोबांपुढचा प्रश्न असे. हाती चार पैसे शिल्लक आहेत ते कोणाला द्यावे, हा आजचा प्रश्न आहे. कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम घेऊन गावी येतो, आणि आठ दिवसांच्या आत त्याला सल्ला देणारे दहा जण भेटतात. हल्ली त्यांत एक नवा सल्ला असतो. मोबाइलवरून सरळ दुसऱ्या माणसाला कर्ज द्यावे. बँक नको, पतसंस्था नको, मधला कोणीच नको. अशा व्यवहाराच्या पेढ्या अनेक आहेत. मग कामगार आमच्याकडे येऊन विचारतो, "भाऊ, एक बारा टक्के म्हणतो, दुसरा पंधरा म्हणतो. यांतला बरा कोणता?"

आमचा अनुभव असा आहे की दर विचारणारे शंभर भेटतात. ऋणकोने पैसे दिले नाहीत तर तोटा कोणाच्या पदरात पडणार, हे विचारणारा त्यांत एखादाच निघतो. म्हणून आज उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जावयाचे आहे. आम्ही शाळेत फार दिवस बसलो नाही. युनियनच्या कामातून सवड मिळेल तेव्हा जे वाचले, त्याच्या आधारावरच हे बोलणे आहे.

जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्याने तेथे पाण्याची पोढी आणि मंडप करविला. याच नहपानाचा जावई उषवदात. इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतला हा काळ. उषवदाताचा एक लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात आहे, आणि तो एखाद्या पेढीच्या खतावणीसारखा वाचावयास हवा. बेचाळिसाव्या वर्षी त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी केली, म्हणजे मुद्दल कधी परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज खावयाचे. ही रक्कम त्याने गोवर्धन नगरातील विणकरांच्या दोन संघांकडे ठेवली. एका संघाकडे २,००० शेकडा एक दराने, आणि दुसऱ्याकडे १,००० शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे. आता हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे वीस, वर्षाचे २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, तेही २४०. दर महिन्याचा आहे हे या हिशेबावरूनच उलगडते.

नगर एक आणि धंदाही एक असून दर दोन, असे का, ते लेख सांगत नाही. परंतु उषवदाताने सगळी रक्कम जास्त दर देणाऱ्याकडे ठेवली नाही, एवढे स्पष्ट आहे. राजाच्या जावयाला चार आण्यांचा फरक कळत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. शिवाय हा व्यवहार निगमसभेत सर्वांना ऐकविला आणि फलकवारात, म्हणजे नगराच्या दप्तरखान्यात, त्याची नोंद केली, असेही तेथे कोरले आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की ऋणको कोणी एक विणकर नव्हता, विणकरांचा संघ होता. एखाद्याचा माग बंद पडला, एखादा परागंदा झाला, तरी बाकीचे व्याज भरणार. जुन्नरच्या लेखांतही बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या पैशांचे उल्लेख आहेत, आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर स्वतःच लेणे आणि टाके दान दिले आहे. या श्रेणींची पत मोठी असली पाहिजे. (त्या विणकराला मागावर मजुरी काय पडे, हे मात्र कोणी दगडावर कोरले नाही. असो.)

पुढे सावकारीत धनकोने तोट्यापासून सुटका करून घेतली ती तारणाच्या जोरावर. ऋणकोने पैसे दिले तर व्याज मिळे, न दिले तर जमीन मिळे. इंग्रजी अमदानीत दिवाणी कोर्ट, स्टॅम्पाचा कागद आणि रोख सारा हे तिन्ही सावकाराच्या बाजूला आले, आणि दुसऱ्याला कर्ज देणे हा धनकोच्या दृष्टीने जवळजवळ बिनधोक धंदा झाला. सगळा धोका कुणब्याच्या अंगावर ढकलला की काय होते, ते १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दिसले. तेथून दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. लोकांनी सावकारांचे जीव घेतले नाहीत. कर्जरोखे मागितले, आणि मिळाले ते जाळले. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि रोख्याच्या मागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला.

जमीन नसलेल्या गिरणी कामगाराला सावकार सापडला तो पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा राहणारा. १९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक शाही कमिशनने या कर्जाची चौकशी केली. रुपयाला महिना एक आणा, म्हणजे सालीना शेकडा ७५, हा दर सर्रास चाले. येथे तारण म्हणजे कामगाराची पाठ.

भिशीबद्दल दोनच शब्द. वीस जणांनी महिना पाचशे काढावयाचे, दहा हजार जमले की ज्याला नड आहे त्याने बोली लावून आठ-नऊ हजार उचलावयाचे, आणि उरलेले बाकीच्यांनी वाटून घ्यावयाचे. ज्याला थांबता येते तो येथे धनको होतो. एकमेकांची तोंडे ओळखीची असतात तोवर हे बरे चालते. पोरीच्या लग्नात ताटाला ताट लावून बसावयाचे असते, म्हणून मनुष्य हप्ता चुकवीत नाही.

१९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. आम्हांला तो जुन्या श्रेणींच्या कल्पनेकडे परतण्यासारखा वाटतो. ग्रामीण सोसायटीत प्रत्येक सभासदाची जबाबदारी अमर्याद असे. एकाने बुडविले तर सगळ्यांनी भरावयाचे, आणि म्हणून कर्ज देताना सगळ्यांचे डोळे उघडे. कामगारांच्या पतपेढ्यांची मात्र निराळी खुंटी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६०, याच्या ४९ व्या कलमाप्रमाणे सभासदाने लिहून दिले असेल तर मालकाने हप्ता पगारातूनच कापून सोसायटीकडे भरावयाचा. ही तरतूद म्हणजे कामगार पतपेढीचा कणा होय. तो कणा पगाराच्या पट्टीवर उभा आहे, हेही तितकेच खरे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि जेथे पगारच थांबला तेथे कपात कोठून व्हावयाची? एकाच कारखान्याचे सगळे सभासद एकाच दिवशी थकबाकीदार होऊ शकतात, हा या पद्धतीतील धोका कोणत्याही ताळेबंदात लिहिलेला नसतो.

बँकेत ठेव ठेवली तर कर्ज बुडाल्याचा पहिला फटका बँकेला बसतो, ठेवीदाराला नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा रांगेतल्या ठेवीदारांना या भिंतीची जाडी कळली. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवीचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला. सहकारी बँकांना तो लागू आहे, पतसंस्थांना नाही. हा फरक आमच्या भागात अजून पुष्कळांना ठाऊक नाही, कारण दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात.

आता मोबाइलवरचा नवा व्यवहार. २००५ साली इंग्लंडमध्ये झोपा नावाच्या कंपनीने तो प्रथम सुरू केला, अमेरिकेत लेंडिंग क्लब वगैरे मागोमाग आल्या. मधला कोणी नको, हीच त्यांची घोषणा. लेंडिंग क्लबने २०२० अखेर किरकोळ धनकोंसाठी हा मार्ग बंद केला, झोपानेही २०२१ अखेर बंद केला, आणि दोन्ही कंपन्या आज बँका आहेत.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०१७ रोजी नियम केले. पेढीने नोंदणी करावयाची. स्वतः कर्ज द्यावयाचे नाही. परतफेडीची हमीही द्यावयाची नाही. कर्ज विनातारण, मुदत फार तर ३६ महिने. एका धनकोने एका ऋणकोला ५०,००० पेक्षा जास्त द्यावयाचे नाही. म्हणजे येथे संघ नाही, जमीन नाही, पगारकपात नाही, विमा नाही. ऋणको आणि धनको यांच्यामध्ये फक्त हिशेबनीस बसला आहे. तोटा झाला तर तो सर्वस्वी धनकोचा. दर जास्त मिळतो तो या तोट्याच्या शक्यतेबद्दलच मिळतो.

एक लाख रुपये शंभर जणांना हजार-हजार दिले, दर १८, मुदत एक वर्ष, आणि आठ जणांनी काहीच दिले नाही असे धरू. ब्याण्णव जणांकडून १,०८,५६० परत येतात. अठराचे साडेआठ झाले, आणि त्यातून पेढीचे शुल्क आणि प्राप्तिकर जावयाचा आहे. तेव्हा पंधरावाला बारावाल्यापेक्षा बरा की वाईट, हे पंधरा आणि बारा या आकड्यांवरून सांगता येत नाही. किती कर्जे थकली, किती मुद्दल बुडाले, आणि शुल्क कशावर आकारतात, हे विचारले पाहिजे.

काही पेढ्यांनी मधल्या काळात ठरावीक परतावा आणि हवे तेव्हा पैसे परत असे सांगून हा व्यवहार ठेवीसारखा विकला. १६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने त्याला आळा घातला. थकलेल्या कर्जांबरोबरच धनकोंना मुद्दलात आणि व्याजात सोसावा लागलेला तोटाही दरमहा आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावयाचा, अशी सक्ती केली. शुल्क ऋणकोच्या परतफेडीवर अवलंबून ठेवावयाचे नाही, असाही नियम केला. यामागचा हेतू चांगला असेल. पण हप्ते येवोत वा न येवोत, पेढीचे शुल्क सुटत नाही, हे धनकोने ध्यानात ठेवावे. तोट्याचा जाहीर तक्ता म्हणजे आजचा फलकवार. दोन पेढ्यांची तुलना करावयाची तर ती तेथे होते, आणि वाचावयाचा तर एका महिन्याचा नव्हे, निदान वर्षभराचा.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त फिटरने त्या ऑगस्टच्या आधी अशा एका पेढीत चार लाख गुंतविले होते. हवे तेव्हा काढता येतील असे त्याला सांगितले होते. नियम बदलल्यावर त्याला कळले की पैसे तिजोरीत नव्हतेच, ते दीडशे लोकांच्या घरी गेले होते, आणि ज्याचा हप्ता येईल तेवढेच हाती पडणार. हप्ते येत आहेत, काही थांबले आहेत. थांबलेल्यांची नावे त्याने एका वहीत उतरून घेतली आहेत. त्यांतील एकाही माणसाचे तोंड त्याने पाहिलेले नाही.