आत्मकथन आणि आप्तस्वकीय

कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी दानलेखांत कल्याणच्या उपासकांचे उल्लेख अनेक ठिकाणी आढळतात. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके खोदविले. काही दात्यांनी लेख कोरविताना आपल्या नावासोबत मातापिता, पत्नी व पुत्र यांनाही दानाच्या पुण्यात सहभागी करून घेतले. पुण्याची वाटणी करताना आप्तांची अनुमती घेण्याचे कारण नव्हते. अपमानाची आणि घरातील दुःखाची वाटणी करावयाची असते तेव्हा मात्र प्रश्न निराळा होतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात आज तो प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. गावचा महारवाडा सोडून आलेली, रेल्वेत, अंबरनाथच्या आयुध निर्माणीत, वागळे इस्टेटच्या कारखान्यांत आयुष्य घालविलेली पिढी निवृत्त झाली असून लिहू लागली आहे. तिची हस्तलिखिते अभिप्रायार्थ आमच्याकडेही येतात. लेखक ज्या वसाहतीत राहतो तेथेच त्याचे भाऊबंद आणि सोयरे राहतात. पुस्तकात नाव बदलले तरी बुद्धवंदनेस येणारा प्रत्येक जण ती व्यक्ती ओळखतो. नाव बदलण्याचा उपाय मुंबईच्या प्रकाशकास पुरेसा वाटत असेल. येथे तो पुरत नाही.

१९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले तेव्हा मराठी साहित्यविश्व हादरले, आणि आपल्याच समाजातील काही सुशिक्षित, नोकरदार मंडळी अस्वस्थ झाली. झाकलेले उघडे कशास करावयाचे, असा त्यांचा आक्षेप होता. आमच्या मते तो आक्षेप चुकीचा होता. कारण लाज वाटावयास हवी होती ती बलुतेदारीच्या व्यवस्थेस, ती सोसणाऱ्यांस नव्हे. परंतु त्या गदारोळात एक बारीक प्रश्न मागे पडला. पवारांनी दगडू मारुती पवार हा आपलाच दुसरा ‘मी’ कल्पून त्याच्या तोंडून कथा सांगितली. लेखकाला स्वतःकडे अंतरावरून पाहता यावे यासाठी ती युक्ती उत्तम होती. तिचा आडोसा लेखकाला मिळाला. त्याच्या आईला किंवा पहिल्या पत्नीला मिळाला नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) तर लेखकाच्या जन्माची कथा हीच आईच्या आयुष्याची कथा आहे. ती न सांगावी तर पाटलाच्या वाड्याचा अपराध झाकला जातो, आणि सांगावी तर आई उघडी पडते. लिंबाळ्यांनी सांगितली, ती सांगावयासच हवी होती असे आम्ही मानतो. तरीही लेखणी मुलाच्या हाती होती, आईच्या नव्हे, ही गोष्ट शिल्लक राहतेच.

स्त्रियांनी लेखणी घेतली तेव्हा हा तोल बदलला. मल्लिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये (१९८४) नामदेव ढसाळ यांच्याशी झालेल्या संसाराविषयी लिहिले, तेही ढसाळ हयात आणि विख्यात असताना. उर्मिला पवार यांनी ‘आयदान’मध्ये (२००३) आपल्या शिक्षणाला व सार्वजनिक कार्याला घरातून झालेला विरोध नोंदविला. परंपरा जुनीच आहे. थेरीगाथेत सुमंगलमाता आपल्या छत्री करणाऱ्या पतीविषयी काही राखून ठेवीत नाही, आणि मुत्ता थेरी ज्या गोष्टींतून सुटली त्यांत पतीलाही मोजते. भिक्खुसंघाने त्या गाथा पिटकात जतन केल्या. घरची गोष्ट म्हणून गाळल्या नाहीत.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावते. ‘जिणं आमुचं’ (१९८६) त्यांनी वर्षानुवर्षे पतीपासून लपवून लिहिले. पुस्तकात समाजाचे, विशेषतः सुनांचे हाल निर्भीडपणे आले. पण स्वतःला झालेली मारहाण त्यांनी त्यात लिहिली नाही. ती त्यांनी पुढे माया पंडित यांना मुलाखतीत सांगितली, आणि २००८ च्या इंग्रजी अनुवादासोबत ती प्रसिद्ध झाली. यास कोणी भीती म्हणेल. आम्हांस त्यात काळाची निवडही दिसते.

मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागत नेमके हेच सांगतात: वचन सत्य आणि हितकारक असले तरी ते अप्रिय असेल तर योग्य वेळ पाहूनच बोलावे. तेथील दृष्टांत प्रसिद्ध आहे. बालकाच्या तोंडात खडा अडकला असेल तर रक्त आले तरी तो काढावयाचा, कारण त्याच्याविषयी करुणा आहे. पण दृष्टांतात रक्त ज्याचे निघते तोच वाचतो. आत्मकथनात पुष्कळदा खडा लेखकाच्या घशातील असतो आणि रक्त बहिणीचे निघते.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त याविषयीची शिस्त पाहावयास मिळते. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी महाराला घेऊन टांगा हाकण्यास नकार दिला. बाबासाहेबांना पायी न्यावे लागू नये म्हणून महारवाड्यातील मंडळींनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातीलच एकास हाकावयास बसविले. त्या सवय नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. गाव आहे, वर्ष आहे, टांगेवाल्यांचा नकार आहे; हाकणाऱ्या बांधवाचे नाव नाही. काठेवाडच्या शिक्षकाची हकीकत त्यांनी ‘यंग इंडिया’तील पत्रावरून दिली. पत्नी मरण पावलेल्या त्या शिक्षकाचे नाव सूड उगवला जाण्याच्या भीतीने त्याच्याच विनंतीवरून गाळलेले आहे, हे ते वाचकास सांगतात. पुरावा पूर्ण ठेवून दुर्बळाचे नाव राखता येते, हे यावरून कळते. (१९९४ साली राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंब व विवाह यांविषयीच्या खासगीपणाचा हक्क मान्य केला, पण कायद्याची पायरी येण्यापूर्वीच सोयऱ्यांचे दार बंद झालेले असते.)

मागे एका निवृत्त रेल्वे कामगाराच्या हस्तलिखितात नवऱ्याने टाकलेल्या थोरल्या बहिणीचे प्रकरण होते. छापण्यापूर्वी ते तिला वाचून दाखवावे, एवढेच आम्ही सुचविले. तिने ऐकून घेतले. माहेरी परत आल्यावर ती किती रडली, हे वाक्य तिने काढावयास लावले; आणि त्या काळात तिनेच भांडी घासून या भावाची शाळेची फी भरली होती, हे लिहावयास सांगितले. ते हस्तलिखितात कोठेच नव्हते.