हेल्मेटची किरकोळ किंमत (उज्जैन)

दुचाकीस्वाराच्या हेल्मेटसाठी ग्राहक दुकानात मोजतो ती रक्कम. कवचाचे द्रव्य, साचे, चाचणी व परवाना, वाहतूक, कर आणि विक्रेत्यांचा नफा यांवर ती ठरते. पोलिसांच्या तपासणी मोहिमेत तीच किंमत काही दिवस चढते.

उज्जैनला फ्रीगंजसारख्या बाजारपेठेत मिळणाऱ्या प्रसिद्ध छापांचा माल दूरवरून येतो : फरीदाबादची स्टड्स, हिमाचलातील बद्दीची स्टीलबर्ड, बेळगावची व्हेगा. हेल्मेट हलके असले तरी जागा फार अडवते. ट्रक वजनाने भरण्याआधी खोक्यांनीच भरतो, त्यामुळे नगामागे वाहतूक खर्च वाढतो.

स्वस्त हेल्मेटांचे कवच बहुधा एबीएस प्लॅस्टिकचे असते. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबले की काही क्षणांत कवच तयार होते. मात्र हे प्लॅस्टिक खनिज तेलापासून बनत असल्याने तेलाच्या भावातील चढउतार त्याच्या दरात उतरतात. फायबरग्लास किंवा कार्बन तंतूंचे कवच थरावर थर देऊन घडवावे लागते. त्यात मजुरी व वेळ जास्त जातो आणि किंमत अनेक पटींनी वाढते. साचा महाग असतो. म्हणून काही उत्पादक एकाच मापाच्या कवचात गादी जाडपातळ करून लहान-मोठी मापे काढतात. प्रत्येक मापाला वेगळे कवच देणाऱ्याला तो खर्च किमतीत धरावा लागतो. पुढे काच, हवेचे झरोके, रंगकाम यांची भर पडते.

डोके वाचवते ते आतल्या दाट थर्माकोलचे अस्तर आणि घट्ट बसणारा पट्टा. अस्तर चेपले जाते, तेव्हा आघाताची ऊर्जा त्यात जिरते. खर्च वाचवू पाहणारा बनावट उत्पादक नेमका इथेच हात आखडता घेतो, कारण हा भाग खरेदीदाराला दिसत नाही.

1 जून 2021 पासून भारतात आयएस 4151 या मानकानुसार प्रमाणित नसलेले हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदा आहे. जून 2025 मध्ये देशात 176 उत्पादकांकडे वैध परवाने होते. चाचण्या आणि परवाना यांचा खर्च प्रामाणिक कारखानदारच सोसतो. रस्त्याकडेला मिळणारा बनावट नग त्याच्यापुढे स्वस्त ठरतो तो यामुळेही. जीएसटी आल्यावर हेल्मेट 18 टक्क्यांच्या टप्प्यात गेले. जीव वाचवणाऱ्या वस्तूवरचा हा कर कमी व्हावा ही उत्पादकांची मागणी रास्त आहे.

शेजारच्या इंदूरमध्ये 1 ऑगस्ट 2025 पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा आदेश लागू झाला. अशा आदेशांनी मागणी एकदम उसळते, सवलती आटतात आणि नेमका त्याच वेळी निकृष्ट माल खपतो. पुण्यात 2019 च्या आरंभी सक्ती झाली तेव्हाही पदपथांवर हेल्मेटांचे ढीग लागले होते.

वेष्टनावरील कमाल किंमत सर्व करांसह असते. दुकानदार तीवर सूट देऊ शकतो, जास्त घेऊ शकत नाही. प्रमाणित साधे हेल्मेट हजार रुपयांच्या आसपास मिळते. त्यापुढचा बराचसा पैसा हलकेपणा, आराम आणि दिमाख यांसाठी जातो. खरेदीपूर्वी आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासून घ्यावा.