एचआयव्हीबाधित बालकांतील औषधपातळी व उपचारफलित

एचआयव्हीची लागण झालेल्या मुलाच्या रक्तात विषाणुरोधक औषध किती पोचते, किती वेळ टिकते आणि त्यामुळे आजार कितपत आटोक्यात राहतो, याचा अभ्यास. बालरोगशास्त्र व औषधिक्रियाविज्ञान या दोहोंच्या सीमेवरचा हा विषय आहे. एचआयव्हीवरील औषधे आधी प्रौढांसाठी तयार झाली आणि मुलांचे डोस बराच काळ प्रौढांच्या डोसाला वजनाने भागून ठरवले गेले. हा हिशेब लहान मुलांना लागू पडत नाही, हे मुलांच्याच रक्तातील पातळी मोजल्यावर स्पष्ट झाले. बालकांच्या उपचारांत गेल्या दोन दशकांत झालेल्या मोठ्या सुधारणांमागे ही मोजणी आहे.

संकल्पना. पुढचा डोस घेण्याच्या आधी रक्तात उरलेल्या औषधाच्या प्रमाणाला तळपातळी म्हणतात. नेविरापिनची तळपातळी दर मिलिलिटरला ३ मायक्रोग्रॅम व लोपिनाविरची १ मायक्रोग्रॅम यांखाली जाऊ नये, असा संकेत आहे. एफाविरेंझसाठी १ ते ४ मायक्रोग्रॅम हा पट्टा धरतात. डोल्युटेग्राविरसाठी ०.०६४ मायक्रोग्रॅम हे प्रमाण आधाराला घेतात. पातळी याखाली गेली तर औषध असतानाही विषाणू वाढतो आणि त्यातून औषधाला न जुमानणारे वाण निवडले जातात. ती फार वर गेली तर दुष्परिणाम होतात. उपचारफलित ठरवताना व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण दर मिलिलिटरला १,००० प्रतींखाली आहे की नाही), सीडी४ पेशी, वजन-उंची, औषधप्रतिरोध व मृत्यू यांचा विचार होतो.

पातळी आणि फलित यांचे नाते सरळ नाही. कमी पातळी असूनही काही मुलांचा व्हायरल लोड दबलेला राहतो, तर पुरेशी पातळी असूनही जुन्या प्रतिरोधामुळे उपचार फसतात. त्यामुळे प्रत्येक मुलाची पातळी नेमाने मोजावी का, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. डोस ठरवण्यासाठी मुलांच्या गटांत ती मोजलीच पाहिजे, याबद्दल ते नाहीत.

वय, वाढ व पोषण. नवजात बाळाच्या यकृतातील विकरे अपरिपक्व असल्याने औषध शरीरात रेंगाळते. काही महिन्यांतच चित्र उलटते. एक ते तीन वर्षांचे मूल अनेक औषधे दर किलो वजनामागे प्रौढापेक्षा वेगाने बाहेर टाकते. म्हणून या वयाच्या मुलाला किलोमागे सर्वाधिक औषध लागते आणि भागाकाराने काढलेला डोस नेमका त्यालाच अपुरा पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने डोस ठरवण्याच्या सोयीसाठी वजनगट आखून दिले आहेत. खुरटलेल्या मुलांच्या बाबतीत हे गट अडचणीचे ठरू शकतात, कारण वजन कमी असलेले मोठे मूल धाकट्यांच्या गटात जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे. त्यामुळे भारतीय मुलांसाठी हा प्रश्न गौण नाही.

नेविरापिन. बालकांच्या औषधपातळीचे सर्वाधिक अभ्यास झालेले औषध. स्टॅव्हुडिन ३०, लॅमिव्हुडिन १५० व नेविरापिन २०० मि.ग्रॅ. अशी प्रौढांची संयुक्त गोळी भारतीय कंपन्यांनी स्वस्तात उपलब्ध केली. मुलांसाठी वेगळी गोळी नसल्याने हीच गोळी घरी पात्याने किंवा सुरीने अर्धी-पाव करून दिली जाई. ती तुकडे करण्यासाठी बनवलेली नव्हती. पाव तुकड्याचा चुरा होई, आणि उरलेल्या भागात कोणते औषध किती, हे सांगता येत नसे. तुकडे अगदी सारखे पडले तरी दोष उरत असे, कारण घटकांचे परस्परप्रमाण प्रौढांचे होते.

मुंबईच्या सिप्ला कंपनीने मुलांसाठी काढलेल्या धाकट्या गोळीत स्टॅव्हुडिन ६, लॅमिव्हुडिन ३० व नेविरापिन ५० मि.ग्रॅ. असे प्रमाण होते. थोरलीत हे सर्व दुप्पट. प्रौढांच्या गोळीच्या प्रमाणाने ६ मि.ग्रॅ. स्टॅव्हुडिनबरोबर ४० मि.ग्रॅ. नेविरापिन आले असते. म्हणजे मुलांच्या गोळीत ते एक चतुर्थांशाने वाढवलेले होते. झांबियातील लुसाका येथील चापास-१ चाचणीत या गोळ्या घेणाऱ्या बहुतेक मुलांत नेविरापिनची पुरेशी पातळी आढळली. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टॅव्हुडिन पुढे दुष्परिणामांमुळे मागे पडले. मुलांच्या गोळीतील घटकांचे प्रमाण मुलांसाठी स्वतंत्रपणे ठरवायचे, हे तत्त्व मात्र रुजले.

भारतातील महत्त्वाचे काम चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेत सौम्या स्वामिनाथन, गीता रामचंद्रन व सहकाऱ्यांनी केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत नेविरापिनची पातळी मोठ्या मुलांपेक्षा कमी आढळली. लहान वय, खुंटलेली वाढ आणि सीवायपी२बी६ या जनुकाचा औषध वेगाने पचवणारा प्रकार हे घटक एकत्र आले की अपुऱ्या तळपातळीचे प्रमाण वाढत असे.

प्रसूतीच्या वेळी आईला व जन्मल्यावर बाळाला नेविरापिनचा एकच डोस देण्याची पद्धत काही वर्षे रूढ होती. हे औषध रक्तातून सावकाश उतरते. ओसरत्या पातळीच्या त्या दिवसांत, लागण झालेल्या काही बाळांत प्रतिरोधी विषाणू तयार होई.

लोपिनाविर. पी-१०६० या चाचणीत आफ्रिकेतील अनेक केंद्रांबरोबर पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयही सहभागी होते. तीन वर्षांखालील मुलांत नेविरापिनवर आधारित उपचारांची तुलना रिटोनाविरसह (लोपिनाविरची पातळी वाढवणारे जोडऔषध) दिलेल्या लोपिनाविरशी केली गेली. आधी नेविरापिनचा एक डोस मिळालेल्या मुलांत २४ आठवड्यांपर्यंत अपयशाचे प्रमाण नेविरापिन गटात ३९.६ टक्के, तर लोपिनाविर गटात २१.७ टक्के होते. तो डोस न मिळालेल्या मुलांतही हा फरक टिकला (४०.८ व १९.३ टक्के). युरोप व अमेरिकेतील पेनपॅक्ट-१ चाचणीत मात्र ही दोन औषधे ज्यांत मोडतात त्या औषधवर्गांत लक्षणीय फरक दिसला नाही. तेथील मुले वयाने मोठी होती आणि अनेकांना नेविरापिनऐवजी एफाविरेंझ मिळत होते. लहानग्यांतील अपयशाचा किती भाग अपुऱ्या पातळीचा व किती प्रतिरोधाचा, हे वेगळे काढणे कठीण आहे.

लोपिनाविरचे सिरप कडवट असते, त्यात ४२ टक्के मद्यार्क असतो आणि ते थंड जागी ठेवावे लागते. मूल ते थुंकून टाकते, ओकते. घरात फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात बाटली ठेवायची कोठे, हा आईपुढचा रोजचा प्रश्न असतो. यावर उपाय म्हणून कॅप्सूल उघडून मऊ अन्नावर घालण्याचे बारीक दाणे तयार झाले.

एफाविरेंझ. तीन वर्षांखालील मुलांना शिफारस नाही. याच्या पातळीवरही सीवायपी२बी६ जनुकाचा ठळक प्रभाव पडतो.

क्षयरोगासोबतचे उपचार. रिफाम्पिसिन यकृतातील विकरे चेतवते व अनेक विषाणुरोधक औषधांची पातळी खाली आणते. लोपिनाविर सिरपचा डोस नुसता दुप्पट करून लहान मुलांत काम भागले नाही. रिटोनाविर जास्तीचे दिल्यावर पातळी पुरेशी राहिली. डोल्युटेग्राविर अशा वेळी दिवसातून दोनदा देतात.

डोल्युटेग्राविर. आज बालकांच्या उपचारांचा मुख्य आधार. आफ्रिका, युरोप व थायलंडमध्ये झालेल्या ओडिसी चाचणीत १४ किलो व त्याहून अधिक वजनाच्या ७०७ मुलांचा समावेश होता. ९६ आठवड्यांपर्यंत अपयश डोल्युटेग्राविर गटात १४ टक्के, तर प्रचलित उपचारांच्या गटात २२ टक्के होते (२०२१). याच चाचणीतील पातळीमापनामुळे २० किलोपासून पुढच्या मुलांना प्रौढांचीच ५० मि.ग्रॅ.ची गोळी देता येते, हे निश्चित झाले.

त्याहून लहान मुलांसाठी १० मि.ग्रॅ.ची, मधोमध खाच असलेली, स्ट्रॉबेरीच्या स्वादाची गोळी निघाली. ती थोड्या पाण्यात विरघळवून पाजतात. पेल्याच्या तळाशी राहिलेला अंश पुन्हा पाणी घालून पाजणे आवश्यक असते, नाहीतर डोस अपुरा जातो. १० ते १४ किलोखालील मुलाला अशा दोन, तर १४ ते २० किलोखालील मुलाला अडीच गोळ्या लागतात. व्हियाट्रिस व मुंबईची मॅक्लिऑड्स या कंपन्यांच्या या गोळीचा खर्च दर मुलामागे वर्षाला ४० डॉलरांहून कमी राहील, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. लोह व कॅल्शियममुळे हे औषध कमी शोषले जाते. रक्तक्षयासाठी लोहाचे सिरप घेणाऱ्या मुलाला दोन्ही औषधे जेवणाबरोबर तरी द्यावीत, किंवा डोल्युटेग्राविर लोहाच्या दोन तास आधी वा सहा तासांनंतर द्यावे.

मोजण्याच्या पद्धती. द्रव वर्णलेखनाने रक्तद्रवातील औषध मोजतात. टाचेतून वा बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवूनही मापन होते. लहान बाळासाठी ही रीत सोयीची आहे. केसांतील प्रमाणावरून मागील काही आठवड्यांचा अंदाज येतो. रक्तातील एकच आकडा फसवा ठरू शकतो, कारण तपासणीच्या दिवशी औषध घेऊन आलेल्या मुलात तो चांगलाच दिसतो.

औषधातील नियमितता. औषध घेणे मुलाच्या नव्हे, तर ते देणाऱ्याच्या हाती असते. आईवडील गमावलेल्या मुलांत ही जबाबदारी आजी, मावशी वा संस्थेतील कर्मचाऱ्यावर येते. कमी पातळी दिसताच कुटुंबाला दोष देण्याची सवय डॉक्टरांनी सोडली पाहिजे. डोस वजनानुसार वाढवला का, मूल औषध ओकते का, हे आधी तपासावे.

किशोरवय. स्वतंत्र माहिती तुटपुंजी. या वयात औषध सुटण्याचे प्रमाण वाढते.

भारत. सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार १ एप्रिल २००४ पासून व मुलांसाठी राष्ट्रीय उपक्रम २००६ पासून सुरू झाला. एआरटी (विषाणुरोधक उपचार) केंद्रांत व्हायरल लोडची तपासणी होते; औषधपातळीचे मापन संशोधन संस्थांपुरतेच आहे. म्हणून केंद्रातील वजनकाट्याचे महत्त्व मोठे आहे. प्रत्येक भेटीत मुलाचे वजन करून डोस त्यानुसार बदलणे, हाच तेथे पातळी योग्य राखण्याचा हाताशी असलेला उपाय होय.