मोनार्क फुलपाखरांची हिवाळी वसतिस्थाने : नकाशे व प्रमाण

रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील मोनार्क फुलपाखरे (डॅनॉस प्लेक्सिपस) नोव्हेंबर ते मार्च मध्य मेक्सिकोत, मिचोआकान व मेक्सिको या राज्यांतील डोंगरांत मुक्कामाला असतात. साधारण ३,००० मी. उंचीवर ओयामेल या फर वृक्षांच्या फांद्यांना ती घोसांनी लटकतात.

त्यांची वाट आणि मुक्काम एकाच नकाशावर नीट मावत नाहीत. सुमारे ४,००० किमी.चा प्रवास १ : १,००,००,००० या प्रमाणावर ४० सेंमी. भरतो, त्यावर एक हेक्टरच्या चौकोनी तळाची बाजू मिमी.चा शंभरावा भाग, म्हणजे छापताच न येणारी. खंडाच्या नकाशावर मेक्सिकोत काढलेला ठळक ठिपका त्यामुळे हटकून फसवतो.

१ : ५०,००० च्या समोच्चरेषायुक्त नकाशावर हेक्टर २ मिमी. बाजूचा चौकोन होतो. मोनार्कांसाठीचे ५६,२५९ हेक्टरांचे राखीव क्षेत्र (२००० ची हद्द) तिथे सुमारे ४७ सेंमी. बाजूचा चौरस व्यापेल. फुलपाखरांनी प्रत्यक्ष व्यापलेली सगळी जागा एकत्र केली, तर १९९६-९७ च्या हिवाळ्यात (१८.१९ हेक्टर) साडेआठ मिमी. आणि २०१३-१४ मध्ये (०.६७ हेक्टर) जेमतेम १.६ मिमी. बाजूचा चौरस भरतो. हे दुसरे क्षेत्र पावणेदोन एकरही नाही.

ही मोजणी डिसेंबरात होते. घोस असलेली कडेची झाडे धरून माणसे तळाला फेरी मारतात. पूर्वी फीत व होकायंत्र असे, आता जीपीएस. पुढे फुलपाखरे पाण्याच्या ओढीने उतारावरून खाली सरकतात, त्यामुळे डिसेंबरची सीमा फेब्रुवारीत लागू पडत नाही. शिवाय हेक्टर म्हणजे शिरगणती नव्हे. एका हेक्टरात १ ते ५ कोटी फुलपाखरे असे अंदाज आहेत, २०१७ मधील एका अभ्यासाने २.१ कोटी धरली. तेव्हा आकड्यांपेक्षा वर्षावर्षांतील चढउतारच अधिक भरवशाचा.

तळ शोधण्यातही नकाशे कामी आले. सेरो पेलोन डोंगरावरचा तळ संशोधकांना १९७५ च्या जानेवारीत गवसला. मोनार्कांचे अभ्यासक फ्रेड अर्कुहार्ट यांनी १९७६ मध्ये तो शोध जाहीर केला. ठिकाण मात्र गुलदस्त्यात ठेवले. त्यांच्या लिखाणातील उंचीच्या उल्लेखावरून नकाशे चाळत दुसरे संशोधक विल्यम कॅल्व्हर्ट पुढच्या हिवाळ्यात सिएरा चिंकुआ इथल्या तळापर्यंत पोहोचले. पुढे जंगलतोड ताडण्यासाठी संशोधक लिंकन ब्राउअर व सहकाऱ्यांनी १९७१, १९८४ व १९९९ ची हवाई छायाचित्रे ताळून पाहिली. सलग रानाचे तुकडे पडत गेल्याचे त्यांतूनच दिसले.