वाऱ्याच्या आकड्यांतील अध्याहृत पदे : टे पुलाच्या वादळाचा पुनर्विचार

इतिहासाचा अभ्यासक साक्षीदाराचे शब्द पारखून घेतो. आकडा समोर आला की मात्र तो बहुधा निःशंक होतो. शब्द मनुष्याचा आणि आकडा निसर्गाचा, असा काहीसा समज त्यामागे असतो. वस्तुतः वाऱ्याचा आकडा हेही एक विधानच होय, आणि कोणत्याही विधानाप्रमाणे त्यातही काही पदे अध्याहृत असतात. ही पदे कोणती, हे १८७९ साली स्कॉटलंडवरून गेलेल्या एका अटलांटिक वादळाच्या नोंदींवरून दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

त्या वर्षी २८ डिसेंबरला, रविवारी सायंकाळी सातनंतर, डंडी शहरानजीक टे नदीच्या खाडीवरील रेल्वेपुलाचे मधले उंच गाळे आगगाडीसह पाण्यात कोसळले. गाडीतील एकही मनुष्य वाचला नाही. मृतांची संख्या दीर्घकाळ ७५ मानली जात असे. निश्चित नोंद मात्र ५९ मृत्यूंचीच आहे. सुमारे दोन मैल लांबीचा हा पूल वाहतुकीस खुला होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. चौकशी न्यायालयापुढे जे प्रश्न आले त्यांत एक वरकरणी अगदी साधा होता : त्या रात्री वारा किती होता?

डंडी येथे वाऱ्याचा वेग मोजला गेला नव्हता. मग उरले शब्द. वीस-तीस वर्षांत असे वादळ पाहिले नाही, असे रहिवाशांनी सांगितले. एकाने त्याची तुलना चिनी समुद्रातील तुफानाशी केली. दर्यावर्दींच्या हिशेबाने वारा बोफर्ट श्रेणीत दहा ते अकरा होता. हा आकडा दिसतो खरा, पण फ्रान्सिस बोफर्ट यांची श्रेणी मुळात जहाजाला किती शिडे पेलतील यावर बेतलेली होती. म्हणजे अंकाचा वेष घेतलेला तो शब्दच. त्याला वेगाची निश्चित किंमत मिळाली ती पुढे, १९०६ साली, जॉर्ज सिम्प्सन यांच्या कामामुळे. आजच्या कोष्टकाप्रमाणे दहा ते अकरा म्हणजे ताशी ५५ ते ७२ मैल.

यंत्राची नोंद होती ती ग्लासगोची : ताशी ७१ मैल. या विधानातील पहिले अध्याहृत पद काळाचे आहे. ७१ ही तासाभराची सरासरी होय. पुलाचे खांब मोडतात ते काही क्षणांच्या सोसाट्याने, सरासरीने नव्हे. दुसरे पद यंत्राच्या गुणकाचे. वेधशाळांतून तेव्हा आर्माचे टी. आर. रॉबिन्सन यांनी १८४६ साली पुढे आणलेले, चार अर्धगोल वाट्यांचे यंत्र वापरीत. वाट्यांच्या वेगाच्या तिप्पट वाऱ्याचा वेग असतो, मग वाट्या लहान असोत की मोठ्या, असे रॉबिन्सन यांचे मत होते. या दुर्घटनेनंतर वाऱ्याच्या मापनाचा नव्याने अभ्यास सुरू झाला, आणि डब्ल्यू. एच. डाइन्स प्रभृतींच्या प्रयोगांतून तीन हा गुणक फार मोठा असल्याचे निष्पन्न झाले. वेधशाळांतील मोठ्या यंत्रांसाठी पुढे २.२ हा गुणक रूढ झाला. त्या मानाने ग्लासगोचे ७१ मैल सुमारे ५२ वर येतात. सोसाट्याचा वेग सरासरीच्या दीडपट धरला तर तो ८० च्या जवळ जातो, आणि अलीकडील एका अभ्यासाचा अंदाजही तेवढाच आहे. अर्थात ग्लासगो म्हणजे डंडी नव्हे, हे येथेही विसरता येत नाही.

तिसरे पद क्षेत्राचे. पुढे फोर्थ खाडीवर बांधावयाच्या पुलासंबंधी १८७३ साली राजज्योतिषी एअरी यांनी सल्ला दिला होता की, लहानशा जागी वाऱ्याचा दाब दर चौरस फुटास ४० पौंडांपर्यंत जाईल. परंतु संपूर्ण पुलाच्या विस्तारावर तो १० पौंडांहून अधिक धरण्याचे कारण नाही. टे पुलाचे शिल्पकार सर टॉमस बाउच यांनी वाऱ्यासाठी वेगळी तरतूद केलीच नव्हती. १८८१ साली सरकारी समितीने ५६ पौंडांचा नियम घालून दिला. फोर्थवर नंतर जो नवा पूल १८९० मध्ये पुरा झाला, त्याच्या बांधकामाच्या वेळी बेंजामिन बेकर यांनी ३०० चौरस फुटांची एक व दीड चौरस फुटाच्या दोन फळ्या वाऱ्यात उभ्या केल्या. मोठ्या फळीवर दर चौरस फुटाचा दाब लहान फळ्यांहून सामान्यतः कमी भरला. एअरी यांचे तत्त्व खरे होते; त्यांचा आकडा मात्र अपुरा होता.

पूल सदोष आराखड्याचा, सदोष बांधणीचा व हेळसांड झालेला होता, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. मुख्य दोष बाउच यांच्यावर आला आणि १८८० च्या ऑक्टोबरात ते वारले. आपल्या दुरुस्त आकड्याने हा निवाडा बदलत नाही. या सर्व प्रकरणात अभ्यासकाने ध्यानी ठेवावे असे आणखी एक आहे. थोड्या वेळाच्या नोंदी विश्वसनीय नाहीत, असे चौकशीत एका तज्ज्ञाने बजावले, आणि अन्य ठिकाणच्या मापनावरून डंडीचा वारा सांगण्यास त्याने नकार दिला. एवढे मृत्यू झालेले, सारा देश उत्तराची वाट पाहत असलेला. अशा वेळी हा नकार सोपा नव्हता. काळ, गुणक व क्षेत्र ही तिन्ही पदे भरून काढल्यावाचून आकडा उद्धृत न करणे, एवढा नियम आपणही जुन्या नोंदी वाचताना पाळावा.