मस्टरवर नसलेला तास

फॅन क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? सभासदकार्ड, छापील अंक, वर्षातून एकदा संमेलन आणि नायकासारखा पोशाख करून आलेली माणसं. अमेरिकेतल्या 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते देण्यासारखं आहेही. ती मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी ती बंद पडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बीजो ट्रिंबल आणि तिचा नवरा जॉन यांनी चाहत्यांना वाहिनीकडे पत्रं पाठवायला लावलं. हजारोंनी पत्रं गेली. १ मार्च १९६८ ला वाहिनीने मालिका चालू राहणार असं पडद्यावरूनच जाहीर करून टाकलं. चाहत्यांचं नियतकालिक १९६७ मध्ये निघालं, न्यूयॉर्कचं मोठं संमेलन जानेवारी १९७२ मध्ये भरलं. हे सगळं आज तारीखवार सांगता येतं, कारण त्या मंडळींनी कागद जपून ठेवले.

आता आपल्याकडे या. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठले आलेत असले क्लब? होते की! चाहते होते, मंडळ होतं, वर्गणी होती, नियम होते, नियम मोडला तर दंडही होता. दफ्तर तेवढं नव्हतं. अशाच एका मंडळाबद्दल लिहायचं आहे. ते शिरोली एमआयडीसीत होतं, त्याला नाव नव्हतं, आणि ते 'चंद्रकांता'चं होतं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 'चंद्रकांता' ही नीरजा गुलेरींची मालिका दूरदर्शनवर १९९४ मध्ये सुरू झाली आणि १९९६ मध्ये बंद झाली. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकुमारी चंद्रकांता, चुनारगढचा राजा शिवदत्त, आणि या सगळ्यांच्या पदरी असलेले ऐयार. ऐयार म्हणजे वेषांतरात पटाईत असलेले हेर. शाहबाज खान, शिखा स्वरूप, पंकज धीर, आपली वर्षा उसगावकर अशी सगळी मंडळी त्यात होती. इरफान खानही होता, फक्त तेव्हा त्याचं नाव कुणी विचारत नसे. आणि अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंग! त्याचं ते 'यक्कू' गल्लीगल्लीत पोरांच्या तोंडी झालं होतं.

शिरोली एमआयडीसी पंचगंगेच्या पलीकडे, पुणे-बंगळूर हायवेला लागून आहे. तिथे फाउंड्र्या आणि मशीनशॉप. मी त्या वर्षांत तिथल्या एका छोट्या फाउंड्रीत टाइमकीपर होतो. म्हणजे मस्टर भरायचा, ओव्हरटाइमचा हिशेब ठेवायचा. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवायची पद्धत महाराष्ट्रात होती. आमची सुट्टी सोमवारी असे. रविवारी काम चालू. आणि 'चंद्रकांता' लागायची नेमकी रविवारी सकाळी.

मग एक तोडगा निघाला. सकाळी मोल्डिंग चालायचं, क्युपोला दुपारनंतर पेटायचा. तेव्हा मधला एक तास काम थांबवायचं आणि तो संध्याकाळी भरून द्यायचा. मालकांची ना नव्हती, माल वेळेत निघाला म्हणजे झालं. वर्गणी काढून एक जुना ब्लॅक अँड व्हाइट संच घेतला, पत्र्यावर अँटेना चढवला. मालिका चालू असताना जो बोलेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, हा नियम. वीस-पंचवीस माणसं वाळूच्या ढिगाऱ्यावर, उलट्या घमेल्यांवर बसायची. झालं आमचं मंडळ!

पण हीच मालिका का? 'रामायण', 'महाभारत' या लोकांनी पाहिलंच होतं, पण त्यासाठी असं मंडळ जमलं नव्हतं. पुढे सप्टेंबर १९९७ मध्ये 'शक्तिमान' आला. तो घरोघरच्या पोरांचा झाला, फाउंड्रीवाल्यांचा नाही. मला वाटतं, याचं कारण तिलिस्ममध्ये आहे.

देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' ही कादंबरी १८८८ ची. खत्रींनी बनारसजवळच्या चकिया-नौगढ भागातल्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथले पडके किल्ले, खिंडी, गुहा त्यांनी पायाखाली घातल्या होत्या, आणि गोष्ट तिथूनच आली. त्यांचं तिलिस्म म्हणजे निव्वळ जादूटोणा नाही. ते कुणीतरी बांधलेलं असतं. त्यात कळा असतात, खटके असतात, एक दगड दाबला की दुसरीकडे दार सरकतं. चमत्कार दिसतो खरा, पण त्याच्या मागे कारागीर असतो.

आता हे कुणासमोर चाललं होतं बघा. मोल्डर, कोअर बनवणारे, पॅटर्नमेकर! ज्यांचं सगळं आयुष्य पोकळी आधी बनवायची आणि धातू मागून ओतायचा यात गेलेलं. मालिका संपली की पहिला प्रश्न असायचा, "कसं केलं आसंल रं?" आमचे पॅटर्न मेस्त्री खडूने जमिनीवर आकृती काढून दाखवायचे, की हे दार असं सरकायचं तर वजन कुठे लटकवावं लागेल, बिजागरी कुठे येईल. दूरदर्शनच्या तिलिस्मात ढोबळ चुका असायच्या. त्या काढणं हा मोठाच आनंद होता.

कोल्हापूरला हे नवं नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा विकत आणला नाही, दामल्यांना हाताशी धरून इथेच बनवला. १९२० च्या त्यांच्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा वाटला, की त्याला कात्री लागली. प्रभातचा 'माया मच्छिंद्र' (१९३२) या चमत्कारांनी भरलेल्या चित्रपटाचं काम झालं तेही कोल्हापुरातच. पडद्यावरचा चमत्कार बघताना तो बनवला कसा हे विचारणारा प्रेक्षक या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

पण तिलिस्म हे अर्धंच कारण झालं. दुसरं कारण फेटलिंगमधला एक कामगार.

तो उत्तर प्रदेशातून, मिर्झापूरकडून आलेला. ओतकामाच्या कडा ग्राइंडरवर साफ करायच्या, दिवसभर धूळ खायची, हे त्याचं काम. आमच्यात तो 'भय्या'. त्याला नाव होतं, मस्टरवर मीच लिहायचो, पण हाक मारताना ते कुणी वापरत नव्हतं. जेवायला तो वेगळा बसायचा. कुणी त्याला त्रास देत होतं असं नाही. त्याला विचारण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटतच नव्हतं, एवढंच.

एका रविवारी शिवदत्ताच्या चुनारगढवरून बोलणं निघालं. हा असला किल्ला खरा असतो का, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा तो कोपऱ्यातून हळूच म्हणाला, "चुनार तो हमारे यहाँ है, भाऊ." क्षणभर सगळे गप्प. चुनारचा किल्ला मिर्झापूर जिल्ह्यात गंगेच्या काठी आहे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मग प्रश्नांची सरबत्ती. पन्हाळ्याएवढा मोठा आहे काय? तटबंदी शाबूत आहे काय? तो सांगत गेला. ऐयार म्हणजे काय हे त्याने समजावलं, तेव्हा आमचे एक मोल्डर मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे बहिर्जी नाईक की!" एका वाक्यात मिर्झापूर आणि कोल्हापूर शेजारी आले.

त्या दिवसापासून रविवारी त्याची जागा पुढच्या रांगेत. हाकेलाही नाव आलं.

१९९६ मध्ये मालिका बंद झाली. बीजो ट्रिंबलसारखं पत्रं पाठवायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही वेगळंच केलं. त्या वर्षी गावाहून परतताना त्याने मूळ कादंबरी आणली आणि रविवारच्या त्याच तासात वाचायला सुरुवात केली. श्रावणात पोथी लावतात तशी. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अडलं तर थांबवायचं. खत्रींची कादंबरी वाचता यावी म्हणून त्या काळी कितीतरी उर्दू जाणणारी माणसं नागरी अक्षरं शिकली, असं सांगतात. आमच्या लोकांना अक्षरं येत होती, भाषा शिकायची होती. काही महिन्यांनी आमचे मोल्डरही पानं वाचून दाखवू लागले. हिंदी अगदी कोल्हापुरी वळणाची, पण अडत नव्हती!

कादंबरीने सगळ्यांची निराशाही केली, हे सांगायला हवं. मालिकेत क्रूरसिंगाने जेवढी जागा व्यापली होती तेवढी पुस्तकात त्याला नाही. खरा भाव खाऊन जातो तो वीरेंद्रचा ऐयार मित्र तेजसिंह. आणि चपला, चंद्रकांतेची मैत्रीण, बाई असून ऐयार. डबे पोचवायला येणाऱ्या मावशी दाराशी उभ्या राहून फक्त चपलेचा भाग ऐकायच्या. आत येऊन बसा म्हटलं तर बसायच्या नाहीत. आमचं मंडळ पुरुषांचंच होतं. ती मर्यादा त्या दारातच उभी होती.

मंडळ मोडलं ते भांडण होऊन नाही. घरोघर रंगीत संच आले, केबल आली, काही जण दुसऱ्या कारखान्यांत गेले. पुस्तकाचा शेवट झाला आणि तो तास पुन्हा कामाचा झाला.

या सगळ्याची आठवण मार्च २०२० मध्ये तीव्रतेने झाली. टाळेबंदीत दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवलं. १६ एप्रिलला एका दिवसात ७.७ कोटी लोकांनी ते पाहिल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं. त्याच दिवसांत देशभरातल्या औद्योगिक वसाहतींतून उत्तरेकडची माणसं बोचकी डोक्यावर घेऊन चालत निघाली होती. मे महिन्यात कोल्हापूर स्टेशनातून श्रमिक गाड्या सुटल्या. पाहणाऱ्यांची मोजणी झाली, जाणाऱ्यांचीही थोडीफार झाली. पण त्या माणसांपैकी कोण कुठल्या खोलीत कुणाशेजारी बसून काय पाहत होता, याची नोंद कुठे असणार?

मालिकांच्या चाहत्यांना आपण हसतो. खोट्या राजपुत्रासाठी जीव टाकणारी रिकामटेकडी माणसं, असं समजतो. पण मी जे पाहिलं त्यात राजपुत्र निमित्ताचा होता. दिवसभर बरोबर राबूनही एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना एकमेकांशी बोलायला एक तिसरं गाव लागतं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं. आम्हाला ते चुनारगढमध्ये सापडलं.

मस्टरमध्ये मी त्या रविवारांचे आठ तास भरले आहेत, आणि ते खरे आहेत, कारण संध्याकाळी तेवढं काम झालेलं आहे. मधल्या त्या एका तासाला मात्र रकाना नव्हता. तो इथे भरून ठेवतो.